रिझर्व्हवरची काटकसर

काठी गावची होळी पहाटे पेटते, पण माणसं आदल्या दुपारपासूनच सातपुड्याची वाट धरतात. त्या वर्षी आम्हीही निघालो होतो. पुण्याहून आलेला मेव्हणा, बायको, मुलगी आणि माझी २००६ सालची छोटी पेट्रोल गाडी. अक्कलकुवा सोडून मोलगीच्या रस्त्याला लागलो. देवगोईच्या घाटात चढ सुरू झाला आणि गाडीने दोन आचके दिले. मी ॲक्सिलरेटर दाबला तर वेग वाढायच्या ऐवजी उतरला. तिसऱ्या आचक्याला इंजिन बंद. ब्रेकचं पेडल दोनदा दाबल्यावर दगडासारखं घट्ट झालं, स्टेअरिंग जड झालं. मेव्हण्याने उडी मारून मागच्या चाकाला धोंडा लावला, म्हणून निभावलं.

स्टार्टर जोरात फिरत होता, पण इंजिन पेट घेत नव्हतं. मोलगीकडे निघालेली, टपापर्यंत भरलेली एक जीप थांबली. चालक म्हणाला, "मास्तर, पंपावर ओलं फडकं टाका, आत्ता चालू होईल." मी बॉनेट उघडून पंप शोधत बसलो. तो तिथे असणारच नव्हता. जुन्या कार्बोरेटरच्या मारुती ८०० मध्ये पंप इंजिनाला चिकटलेला असे. तो तापला की पेट्रोलची वाफ धरायची आणि ओल्या फडक्याने खरंच फरक पडायचा. माझी गाडी एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटर नसलेली. तिचा पंप विजेवर चालतो आणि टाकीत, पेट्रोलमध्ये बुडलेला असतो. पाऊण तासाने गाडी आपोआप चालू झाली. होळी पाहिली, पण मन ठिकाणावर नव्हतं.

पुढच्या पाच महिन्यांत मी जे केलं, ते तुम्ही करू नये म्हणून हे लिहितो आहे.

गॅरेजात नेली की गाडी शहाण्या मुलासारखी चालायची. एकाने बॅटरी बदलली, ४,००० रुपये. दुसऱ्याने प्लग आणि कॉइल, २,६००. तिसरा म्हणाला, पंपच गेला. नवा पंप मजुरीसह ६,२००. दोन-अडीच महिने गाडी सुरळीत चालली आणि पुन्हा एका चढावर तेच आचके. तिघांनीही अंदाज केला, मोजलं कोणीच नाही. आणि मोजा, असं मीही कोणाला म्हटलं नाही.

शेवटी तळोद्यातल्या एका वयस्कर मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी आधी गाडीला हातच लावला नाही. म्हणाले, "गुरुजी, थंड गाडी तपासणं म्हणजे ताप उतरल्यावर थर्मामीटर लावणं. तासभर फिरवून आणा, भर उन्हात." आणली. मग त्यांनी मला मागच्या सीटवर बसवलं, इंजिन बंद केलं आणि चावी फक्त 'ऑन'पर्यंत फिरवली. सीटखालून दोन-तीन सेकंद बारीक गुणगुण आली आणि थांबली. "हा तुमचा पंप. जिवंत आहे. आता बघू, त्याला जेवायला काय मिळतं ते."

इंजिनाकडे जाणाऱ्या नळीवर त्यांनी प्रेशर गेज लावला आणि इंजिन चालू केलं. माझ्या गाडीला साधारण ३ बार दाब हवा. काटा १.८ वर थरथरत होता. आधीच्या तिसऱ्या मिस्त्रीने हा काटा पाहिला असता तरी पंपच बदलला असता. पण हे थांबले नाहीत. त्यांनी पंप चालू असताना त्याच्या प्लगपाशी मीटर धरला. बॅटरीवर जवळपास १४ व्होल्ट, पंपाला मात्र ९.६. अर्थिंगची तार जिथे बॉडीला कसलेली होती, तिथे बोल्टवर हिरवट गंज. टाकी उतरवली, तर पंपाच्या तोंडाची जाळी काळ्या गाळाने माखलेली. नवा पंप मेला नव्हता, उपाशी होता. तारेतून वीज कमी आणि जाळीतून पेट्रोल कमी. पहिला पंप खराब होता की तोही असाच उपाशी, हे आता कळायला मार्ग नाही. तो मी केव्हाच भंगारात दिला होता.

"टाकी नेहमी रिकामी ठेवता का हो?" त्यांनी विचारलं. मी ओशाळलो. खापरच्या पुढे हद्द ओलांडली की गुजरात, आणि तिथे पेट्रोल लिटरमागे आठ-दहा रुपयांनी स्वस्त. म्हणून तिकडे काम निघेपर्यंत गाडी रिझर्व्हवर रेटायची, ही माझी जुनी सवय. पंपाला थंड ठेवायचं काम त्याच्याभोवतीचं पेट्रोलच करतं. ते तळाला गेलं की पंप तापतो आणि तळाचा गाळही जाळीकडे ओढला जातो. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी धरतं. पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी म्हणजे आत दमट हवा. जुन्या गाडीचे रबरी पाइप आणि सीलही या पेट्रोलसाठी बनवलेले नसतात. सर्व्हिसिंगला ते वाकवून, भेगा आहेत का ते बघायला सांगा.

तुमच्या जुन्या गाडीला असंच झालं, तर हा क्रम धरा.

पहिलं म्हणजे ऐका. चावी ऑन केल्यावर मागून गुणगुण आलीच नाही, तर पंपावर जाण्याआधी फ्यूज आणि रिले बघा. त्याच नंबरचा दुसरा रिले त्या जागी लावून पाहायला पैसे पडत नाहीत. गुणगुण कर्कश झाली असेल, तर पंप झिजत आला असं समजा.

दुसरं, दुखणं कधी होतं ते वहीत लिहा. चढ, ऊन, वेग, टाकीतलं पेट्रोल. पंप कमी पडत असला की गाडी बहुधा आधी आचके देते, ओढ कमी होते, मग बंद पडते. काही न सांगता एकदम बंद पडली आणि स्टार्टर मारताना आरपीएमचा काटा जराही हलला नाही, तर क्रँक सेन्सरवर संशय घ्या. तोही बहुधा तापल्यावरच दगा देतो, म्हणून लोक फसतात.

तिसरं, बंद पडल्यावर टाकीचं झाकण उघडा, मात्र जवळ कोणी विडी-सिगारेट ओढत नाही ना ते बघून. जोरात हवा आत खेचली गेली आणि गाडी लगेच चालू झाली, तर झाकणाचं हवेचं छिद्र किंवा टाकीची हवेची नळी तुंबली असेल. यात पंपाचा दोष नाही.

चौथं, गॅरेजात दोन आकडे मागा. तापलेल्या गाडीचा पेट्रोलचा दाब आणि चालत्या पंपापाशी व्होल्ट. बॅटरीच्या मानाने तिथे अर्ध्या-एक व्होल्टपेक्षा जास्त घट असेल, तर आधी तार आणि अर्थिंग. मग फिल्टर, जाळी. पंप सगळ्यात शेवटी. आणि बदललेला भाग हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

नळी सोडणं, टाकी उतरवणं घरी करू नका. इंजिन बंद असलं तरी नळीत दाब उरतो आणि पेट्रोल अंगावर उडतं. घाटात इंजिन बंद पडलं, तर ब्रेक पुन्हापुन्हा पंप करू नका. एकदाच दाबा आणि दाबून धरा, हँडब्रेक ओढा, चारही इंडिकेटर लावा. उतारावर न्यूट्रल करून गाडी सोडायचा मोह तर अजिबात नको.

परवा हिशेब मांडला. महिन्याला एक फेरी, २५ लिटर, फार तर २५० रुपये वाचत होते. वर्षाचे ३,०००. अंदाजाने भाग बदलण्यात गेले १२,८००. म्हणजे चार वर्षांहून जास्त काळाची बचत. मिस्त्रींनी तार आणि जाळीचे घेतले ते ९०० रुपये वेगळे.

आता काटा अर्ध्यावर आला की मी अक्कलकुव्यातच पेट्रोल भरतो. डिकीत लाकडाचे दोन गट्टू असतात. त्या दिवशी मेव्हण्याने लावलेला धोंडा आम्ही घाईत रस्त्यातच सोडून गेलो होतो. दुसऱ्या रात्री परतताना हेडलाइटच्या उजेडात तो दिसला, आणि खाली उतरून मी तो कडेला सारला.