तख्त आणि शून्यसिंहासन

‘सिंहासन’ हा संस्कृत सामासिक शब्द. ‘तख्त’ फारसीतून आला. दोन्हींचा रूढ अर्थ एकच : राजसत्ता. बिदरच्या किल्ल्यात बहमनी सुलतानांच्या तख्तमहालाचे अवशेष आहेत. तख्त मात्र उरले नाही.

याच जिल्ह्यातील कल्याण म्हणजे आजचे बसवकल्याण. तेथे बाराव्या शतकात बिज्जळ राजाचे सिंहासन होते. त्याच नगरीतील अनुभवमंटपात अल्लमप्रभू ‘शून्यसिंहासना’वर बसले, असे शरणपरंपरा सांगते. कन्नड कवी हरिहराच्या काव्यातील अल्लम हा देवळात मद्दळे वाजविणारा, राजपुत्र नव्हे. येथे ‘शून्य’ म्हणजे अभाव नव्हे. ‘मी’पण सरल्यावर उरणारी पूर्णता होय.

तख्त वारशाने किंवा तलवारीने मिळते. शून्यसिंहासनाला दोन्ही चालत नाहीत. पदाची इच्छा धरणाऱ्या प्रत्येकाने हा भेद ध्यानी ठेवावा.