अपंग आईबाप, त्यांचीं मुलें व गर्दी

ज्यांस चालणें अशक्य वा फार कष्टाचें होतें, अशा मनुष्यांसाठीं बॅटरीवर चालणारी एका आसनाची लहान गाडी आज अनेक देशांत वापरांत आहे. तिला मोबिलिटी स्कूटर म्हणतात. अशा गाडींत बसणारांपैकीं कित्येकजण आईबाप असतात. त्यांसही मुलाला मांडीवर घेऊन बाजारांत, जत्रेंत वा स्टेशनावर जावें लागतें. अशा वेळीं मूल सुरक्षित कसें राहील, ह्याचा थोडा विचार आम्ही येथें करणार आहों.

प्रथम गाडीचा स्वभाव पाहूं. ती सामान्यतः एकाच मनुष्याचा भार व तोल ध्यानांत घेऊन बांधलेली असते. म्हणून मूल घेण्यापूर्वीं कारखानदाराची सूचना पाहावी. मांडीवर मूल आलें म्हणजे भार पुढें सरकतो, व तीन चाकांची गाडी वळणावर कलंडण्याचा संभव वाढतो. शिवाय गाडी चालविण्याची कळ हँडलाजवळच असते. ती दाबली कीं गाडी चालते, सोडली कीं थांबते. मुलाचा चिमुकला हात तिच्यावर पडला, तर उभी गाडी अकस्मात् पुढें जाते. यास्तव गाडी थांबतांच किल्ली फिरवून ती बंद करावी. तान्हें मूल झोळीनें छातीशीं बांधावें, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. मोठ्या मुलास पायांपाशीं उभें करूं नये. त्यानें सोबत्याचा हात धरून चालावें.

परंतु अधिक मोठा धोका गर्दीचा आहे. गर्दींतील मनुष्य समोरच्यांच्या मस्तकांकडे पाहून चालतो. मांडीवरील मूल त्याच्या दृष्टीच्या पुष्कळ खालीं असतें. मागून रेटा आला कीं तो गाडीवर पडतो, व भार मुलावर येतो. मुंबईस २९ सप्टेंबर २०१७ रोजीं तेव्हांच्या एल्फिन्स्टन रोड, आतांच्या प्रभादेवी, स्टेशनाच्या पुलावर चेंगराचेंगरींत २३ माणसें मरण पावलीं. दाटी हाताबाहेर गेली म्हणजे धडधाकट मनुष्यासही पाऊल मागें घेतां येत नाहीं. मग गाडीस वळण्यास जागा कोठून मिळणार? म्हणून ऐन दाटीची वेळ टाळावी, कडेनें जावें, लोंढ्याविरुद्ध जाऊं नये, बाहेर पडण्याची वाट आधींच पाहून ठेवावी, व गाडीमागें उंच काठीवर रंगीत निशाण लावावें. ब्रिटनमध्यें १९८८ च्या नियमांनीं पदपथावर ह्या गाड्यांस ताशीं ४ मैलांची मर्यादा घातली आहे. दाट गर्दींत तेवढा वेगही जास्तच होय.

“अशांनीं मूल घरींच ठेवावें,” असें कोणी म्हणेल. हें उत्तर सोपें, पण न्यायाचें नव्हे. संयुक्त राष्ट्रांनीं २००६ सालीं स्वीकारलेल्या व भारतानें २००७ सालीं मान्य केलेल्या करारांत आईबापांच्या अपंगत्वावरून मुलास त्यांजपासून वेगळें करूं नये, असें स्पष्ट म्हटलें आहे. बापानें मुलास जत्रा दाखवावी, ह्यांत त्याचें बापपण आहे. तें गर्दीच्या भयानें हिरावून घेणें आम्हांस योग्य वाटत नाहीं.

मग उरलेलें कर्तव्य आपलें. गाडी दिसतांच दोन पावलें सरून वाट द्यावी, तिच्यापुढून आडवें जाऊं नये, न विचारतां मूल उचलूं नये वा गाडी ढकलूं नये, “आपणांस कांहीं मदत हवी काय?” असें नम्रपणें विचारावें. पुढील स्नेहसंमेलनांत खुर्च्या मांडतांना दारापासून एक रुंद वाट मोकळी सोडावी, आणि शेवटपर्यंत ती मोकळी राहील असें दोघां स्वयंसेवकांनीं पाहावें. एवढें काम आपल्या हातचें आहे.