दिवस राहण्याआधीच गोळी का?

प्रश्न : आम्ही मुलाचा विचार करतोय. डॉक्टरांनी आत्तापासूनच फॉलिक ॲसिडची गोळी सुरू केली. अजून दिवस राहिलेले नाहीत, घरात रोज पालेभाजीही असते. मग घाई कशाला? – एक वाचक, सांगली

उत्तर : कारण बाळाच्या मेंदूचा आणि मज्जारज्जूचा पाया आईला चाहूल लागेपर्यंत जवळजवळ घातलेला असतो. गर्भात आधी पन्हाळीसारखी घडी पडते, मग तिच्या कडा जुळून नळी होते. गर्भधारणेनंतर २८ दिवसांच्या आसपास ती मिटते. तोवर पाळी चुकून फार तर दोन आठवडे होतात. नळी उघडी राहिली, तर नंतर कितीही गोळ्या घेतल्या तरी ती मिटत नाही. पेशी इतक्या झपाट्याने वाढताना डीएनए घडवायला फोलेट, म्हणजे बी९ जीवनसत्त्व, लागतं; गोळीतलं फॉलिक ॲसिड हे त्याचंच रूप. आधी अशी नळी उघडी राहिलेलं बाळ झालेल्या स्त्रियांवरच्या चाचणीचा निकाल १९९१ साली आला : गोळीमुळे धोका ७२ टक्क्यांनी घटला होता.

या जीवनसत्त्वाचा माग मुंबईत लागला, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही, याची मला खंत वाटते. लूसी विल्स ही इंग्लिश डॉक्टर १९२८ साली इथे आली. गिरणीकामगार गरोदर बायकांना जीवघेणा रक्तक्षय होत होता. तांबड्या पेशी कमी, पण आकाराने फुगलेल्या. विल्सबाईंनी त्या काय खातात याची बारकाईने चौकशी केली. मार्माइट हा यीस्टचा स्वस्त अर्क देताच रुग्ण सुधारू लागल्या. १९३१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. अर्कातला नेमका घटक मात्र पुढे १९४१मध्ये, टेक्सासात, चार टन पालकातून वेगळा काढला गेला.

तुमची पालेभाजी हवीच. पण फोलेट पाण्यात विरघळतं, उष्णतेने नासतं. पालक उकडून पाणी पिळून टाकलंत, तर बरंचसं मोरीत जातं. हरभरा, चवळी, मूग, मसूरही भरपूर खा. तरी अन्नातलं फोलेट गोळीतल्याइतकं अंगी लागत नाही, म्हणून रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी सुचवतात. आधीच्या बाळात नळीचा असा दोष असेल किंवा फिट्सचं औषध चालू असेल, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. मात्रा बदलू शकते.

शाकाहारी असाल तर बी१२ही तपासून घ्या. ते कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड घेतलं, तर रक्ताचा रिपोर्ट सुधारतो आणि नसांचं नुकसान मात्र आत चालूच राहतं.