जुनं मोडायचं कधी?

१९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी मराठीतले अनुच्चारित अनुस्वार गेले. तरी त्याआधी छापलेली पुस्तकं आपण आजही वाचतोच. संगणकाला अशी समजूत नसते. प्रोग्रॅमिंगच्या भाषेचा नियम बदलला की जुना प्रोग्रॅम एकतर बंद पडतो, नाहीतर गुपचूप वेगळं उत्तर देतो. मग असा बदल करावाच का?

पायथॉनचं उदाहरण घेऊ. पायथॉन २ मध्ये अवतरणचिन्हांत लिहिलेला साधा मजकूर म्हणजे अक्षरं नव्हेत, नुसते बाइट. यूटीएफ-८ पद्धतीत साठवलेल्या 'मराठी' शब्दाची लांबी विचारली, तर उत्तर यायचं १५. पायथॉन ३ मध्ये ते ५ येतं : म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी. खरी अडचण पुढेच होती. बाइट आणि युनिकोड मजकूर एकत्र जोडला तर इंग्रजी नावांवर सगळं सुरळीत चालायचं. पहिलं मराठी नाव आलं की प्रोग्रॅम कोसळायचा.

नवी सोय जोडून भागलं नसतं का? तेही करून झालं होतं. २००० साली पायथॉन २.० मध्ये युनिकोडचा वेगळा प्रकार आला. पण साधं लिहिलं की बाइटच मिळत, म्हणून चूक होतच राहिली. शेवटी डिसेंबर २००८ मध्ये पायथॉन ३.० ने मूळ नियमच बदलला.

त्याची किंमतही मोठी होती. एक लायब्ररी मागे राहिली की तिच्यावर अवलंबून असलेला अख्खा प्रोग्रॅम अडकायचा. पायथॉन २ चा आधार २०१५ मध्ये संपायचा होता, तो १ जानेवारी २०२० पर्यंत लांबवावा लागला. युनिकोड मजकुराआधी लावायचं 'यू' हे अक्षर ३.० ने काढलं होतं. एकच प्रोग्रॅम दोन्हीकडे चालावा म्हणून २०१२ मध्ये ३.३ ने ते परत आणलं.

यावरून तीन कसोट्या हाती लागतात. जुना नियम लोकांना नकळत चुकायला लावतो का? नुसती भर घालून तो सुधारत नाही ना? आणि जुन्याकडून नव्याकडे जायला, दोन्हीकडे चालेल असा पूल आहे का? पहिल्या दोन कसोट्यांना पायथॉन उतरला, तिसरीत उशिरा शहाणा झाला. फक्त लिखाण देखणं दिसावं एवढ्यासाठी मात्र दुसऱ्याचं चालतं काम मोडू नये.