संगणक सुरू होतानाचे सॉफ्टवेअर-संघर्ष : निदान आणि उपाय

१९ जुलै २०२४ रोजी सकाळी बेंगळुरूच्या केंपेगौडा आंतरराष्ट्रीय विमानतळावर काही विमान कंपन्यांना प्रवाशांची नोंदणी हाताने करावी लागली. त्या दिवशी जगभरातील अनेक संगणक निळा पडदा दाखवून पुनःपुन्हा बंद-चालू होत होते. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बाधित झाले. कारण सायबर हल्ला नव्हते. क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सुरक्षा प्रणालीला एक सदोष अद्यतन मिळाले होते. अद्यतनाला २१ घटक अपेक्षित होते. प्रणाली २० घटकच पुरवत होती. ती संगणक सुरू होतानाच कार्यान्वित होत असल्यामुळे बहुतेक संगणकांवर प्रत्येक आरंभी तोच बिघाड घडे. सदोष फाइल ७८ मिनिटांत मागे घेण्यात आली. तरी बंद पडलेले संगणक बव्हंशी एकेक करून सेफ मोडमध्ये उघडून ती फाइल काढावी लागली.

संशोधन केंद्रांतील संगणकांवर हवामान केंद्राच्या नोंदी, प्रयोगशाळेतील उपकरणांची माहिती आणि अनेक हंगामांची निरीक्षणे असतात. म्हणून अशा बिघाडाचे पद्धतशीर निदान प्रत्येक कार्यालयाला अवगत असणे हिताचे आहे.

संघर्ष का होतो?

विंडोज सुरू होताना प्रथम ड्रायव्हर, मग सेवा आणि शेवटी वापरकर्त्याचे आरंभ-कार्यक्रम चालू होतात. दोन कार्यक्रम एकाच साधनावर ताबा सांगू लागले की अडथळा येतो. एकाच संगणकावर दोन अँटीव्हायरस ठेवणे हे त्याचे नेहमीचे उदाहरण होय. दोन्ही प्रत्येक फाइल तपासू पाहतात आणि संगणक मंदावतो किंवा थिजतो.

निदानाचा क्रम

१. आठवा : बिघाडापूर्वी कोणते सॉफ्टवेअर, ड्रायव्हर किंवा अद्यतन बसवले? ‘रिलायबिलिटी मॉनिटर’मध्ये तारखेनुसार ही नोंद सापडते.

२. सेफ मोड : शिफ्ट कळ दाबून धरून ‘रीस्टार्ट’ निवडावे; पुढे ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज या मार्गाने जाऊन संगणक पुन्हा सुरू झाल्यावर ४ दाबावे. येथे केवळ अत्यावश्यक भाग चालू होतात. बिघाड नाहीसा झाला, तर संशय बाहेरील कार्यक्रमावर किंवा ड्रायव्हरवर घ्यावा. कायम राहिला, तर यंत्रभाग किंवा विंडोजच्या मूळ फाइल तपासाव्यात.

३. क्लीन बूट : ‘एमएसकॉन्फिग’ उघडून सेवांच्या यादीत प्रथम ‘हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस’ या चौकटीत खूण करावी आणि मगच उरलेल्या सेवा बंद कराव्यात. हा क्रम चुकल्यास आवश्यक सेवाही बंद होतात. आरंभ-कार्यक्रम टास्क मॅनेजरमधून बंद करावेत. आधीच्या स्थितीचे छायाचित्र अवश्य घ्यावे.

४. अर्धे-अर्धे तपासा : ठिबक संचातील गळती शोधताना आपण अर्ध्या उपनळ्या बंद करून दाब पाहतो, येथेही तसेच करावे. अर्ध्या सेवा चालू करून संगणक पुन्हा सुरू करावा. बिघाड आला तर दोषी त्या अर्ध्यात, अन्यथा दुसऱ्यात. १६ कार्यक्रमांतील एक दोषी असा चार वेळांत सापडतो. दोन्ही अर्धे स्वतंत्रपणे सुरळीत चालले आणि एकत्र बिघडले, तर भांडण दोघांचे आहे, असे समजावे. मग एक अर्धा पूर्ण चालू ठेवून दुसऱ्याचे विभाजन करत जावे. त्यातील दोषी सापडला की तो चालू ठेवून पहिल्याचेही तसेच विभाजन करावे.

५. उपाय : दोषी कार्यक्रमाची नवी आवृत्ती घ्यावी, जुनी परत आणावी किंवा तो काढून टाकावा. त्यानंतर बंद केलेल्या सर्व सेवा पूर्ववत कराव्यात.

दक्षता

कार्यालयीन संगणकावर हे काम संगणक विभागाच्या संमतीने करावे. तपासणीपुरती सुरक्षा प्रणाली बंद असेल, तर नेटजोडणी काढून ठेवावी. बिटलॉकर असल्यास ४८ अंकी पुनर्प्राप्ती-कळ आधीच हाताशी हवी. क्राउडस्ट्राइकच्या घटनेत अनेकांची दुरुस्ती या कळीवाचून खोळंबली होती. ती त्याच संगणकात ठेवणे निरर्थक आहे. कागदावर लिहून कुलुपात ठेवावी. नोंदींची दुसरी प्रतही स्वतंत्र ठिकाणी असावी. संगणक पुन्हा दुरुस्त करता येतो. सरलेल्या हंगामातील निरीक्षणे मात्र पुन्हा घेता येत नाहीत.