मागच्या चाकाची हवा

यंदा दिंडीचा ट्रॅक्टर तुझ्या हाती आलाय, म्हणून चार गोष्टी कानावर घालतो. नरसीहून पालखी निघाली की पंढरपूर येईपर्यंत वारकऱ्यांचं सगळं घरदार तुझ्या मागच्या ट्रॉलीत असतं. वळकट्या, तंबूचे बांबू, पातेली, शिधा, गॅसच्या टाक्या, म्हाताऱ्यांच्या औषधांच्या पिशव्या. दुसऱ्या ट्रॅक्टरमागे पाण्याचा टँकर. इंजिनाला काही झालं तर आवाज येतो, धूर निघतो, तुला कळतं. ट्रॉलीचं चाक बसलं तर सीटवर बसून कळत नाही, लेका. मी सांगतोय ते सगळं या एका गोष्टीपायी.

ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकात हवा कमी असली की स्टिअरिंग एका बाजूला ओढतं. मागचं मोठं चाक नरम झालं की सीटच कलते. ट्रॉलीकडून मात्र हुकातून येतो तो फक्त हिसका, आणि हिसका तर प्रत्येक खड्ड्याला बसतो. त्यात दिंडीची चाल माणसाच्या पायाची. त्या चालीला नरम चाकही मुकाट्यानं फिरत राहतं. दुपारचा विसावा झाला की मग तू तंबू ठोकायला पुढच्या मुक्कामी भरधाव निघतोस, आणि सकाळपासून नरम असलेलं चाक तिथं तापतं. फुटतं ते त्या मोकळ्या रस्त्यावर. लोक म्हणतात अचानक फुटलं. अचानक काही नसतं.

हवा पहाटे बघायची, काकडा चालू असताना, चाक थंड असतं तेव्हा. स्वतःचं गेज स्वतःच्या टूलबॉक्समध्ये ठेव. पंपावरच्या मीटरचा भरवसा धरू नकोस, दोन पंपांवर दोन आकडे निघतात. किती हवा ठेवायची हे मला विचारू नकोस आणि पंक्चरवाल्यालाही विचारू नकोस. टायरच्या अंगावर जास्तीत जास्त वजन आणि त्याला लागणारी हवा छापलेली असते, ती वाच. टँकरचा हिशेब तर सोपा आहे. 5000 लिटर म्हणजे 5 टन नुसतं पाणी, लोखंडाचं वजन वेगळं. दोनच चाकांचा टँकर असेल तर हुकावर जाणारा भार सोडून उरलेलं सगळं त्या दोन चाकांवर.

टॉमीनं टायर ठोकून आवाज ऐकायची आपल्याकडे जुनी सवय आहे. चाक अगदीच बसलं असेल तर ठोकून कळतं, नाही असं नाही. पण 80 पौंडांच्या जागी 64 उरले असतील तर ना कानाला कळत ना डोळ्याला. आणि टायरच्या धंद्यातली माणसं पाचवा हिस्सा हवा गेलेलं चाक बसलेलंच धरतात. कमी हवेत टायरची बाजू दर फेऱ्याला दुमडते, दुमडून तापते आणि आतले धागे सुटत जातात. बाहेरून बघशील तर टायर ठणठणीत.

दुपारी गेज लावलंस आणि आकडा वाढलेला दिसला तर हवा सोडू नकोस. हे पुन्हा सांगतो, कारण जाणते ड्रायव्हरसुद्धा हेच करतात. फाल्गुन-चैत्रात हळद घेऊन हिंगोलीच्या मार्केटला जाताना बघ. सकाळी 20 अंश आणि दुपारी 40 अंश असलं, तर 80 पौंडांचं चाक चालवण्याची उष्णता न धरताही सहा-सात पौंड चढतं. ती वाढ टायर बनवणाऱ्यानं धरलेलीच असते. तू दुपारी सोडून 80 केलीस की दुसऱ्या पहाटे चाकात 73-74 उरतात, आणि तेवढ्यावर तू पुन्हा माल भरतोस.

थांबलास की खाली उतर आणि ट्रॉलीला एक चक्कर मार. चहा नंतर. हाताची उलटी बाजू आधी टायरजवळ ने, मग हबजवळ. चटका बसेल म्हणून एकदम टेकवायची नाही. एका बाजूचं टायर दुसऱ्या बाजूपेक्षा जास्त गरम लागलं तर हवा कमी झाली असं धर आणि थंड झाल्यावर मोज. टायर बरं आहे पण हब तापलाय, तर दोष हवेचा नाही. बेअरिंगचं ग्रीस संपलंय नाहीतर ब्रेक चिकटलाय. हा फरक कळला तर उगाच पंक्चरवाल्याच्या दारात तासभर बसावं लागत नाही. चार चाकांच्या ट्रॉलीत तर प्रत्येक चाकाला हात लाव. एक चाक बसलं की त्याचा भार शेजारचं मुकाट उचलतं, ट्रॉली झुकत नाही, आणि मग दोन्ही जातात.

व्हॉल्व्हची टोपी हरवली असेल तर चार-दोन रुपयांची नवी लाव. चिखल पिनेत गेला की हवा सावकाश निघत राहते. बोटानं थुंकी लावून बुडबुडा बघायची युक्ती जुनी आहे, पण खरी आहे. बाभळीचा काटा दिसला तर रस्त्यात उपटू नकोस, पंक्चरवाल्यासमोरच काढ. आणि टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचायला शीक. 2319 म्हणजे 2019 सालच्या 23व्या आठवड्यात बनलेलं. ट्रॉली वर्षातले कितीतरी महिने उन्हात उभी असते, टायरची नक्षी शाबूत राहते आणि रबर वाळून भेगाळतं. अशी टायरं शेतात चालव, वारीला नको.

ट्रॅक्टरला दोन्ही बाजूंनी आरसे लाव, आणि ते असे वळव की ट्रॉलीचं चाक जमिनीला टेकतं ती जागा दिसली पाहिजे. आपली पोरं आरसा केस बघायला लावतात, तो वेगळा विषय. रस्त्यावर निघताना ब्रेकची दोन्ही पायडलं एकमेकांना अडकवलेली हवीत. शेतात सुटी ठेवलीस आणि तशीच विसरलास, आणि त्यात मागचं चाक फुटलं, तर एकाच बाजूला ब्रेक लागून ट्रॅक्टर आडवा होईल. चाक फुटलंच तर ब्रेकवर उभा राहू नकोस. मागचं ओझं ढकलत येतं. रेस सोड, स्टिअरिंग सरळ धर, गाडी आपोआप मंद होऊ दे, मग कडेला घे. हुकाच्या दांड्यावर आणि टँकरच्या शिडीवर कोणाला बसू द्यायचं नाही. पाय दुखणारी माऊली विनवणी करील, तिला दिंडीतल्या जीपमध्ये बसव.

स्टेपनी ट्रॉलीचीच घे, ट्रॅक्टरची तिला बसत नाही. जॅकबरोबर दोन जाड फळ्या ठेव. आषाढातल्या काळ्या मातीत नुसता जॅक रोवला की चाक उचलायच्या आधी जॅकच खाली जातो.

आता तू मोबाइलमध्ये बघत असतोस त्या चाकाची हवा सांगणाऱ्या यंत्राबद्दल. अमेरिकेत लोक बसएवढी घरगाडी चालवतात आणि मागं आपली लहान गाडी बांधून नेतात. त्यांची अडचण आपल्यासारखीच आहे. मागची गाडी पुढच्यापेक्षा इतकी हलकी असते की तिचं चाक बसलं तरी इंजिनाला जाणवत नाही. तिकडे 2007 पासून नव्या मोटारींना हवा कमी झाल्याचा दिवा बसवणं सक्तीचं आहे, पण तो दिवा मागच्या मोटारीत लागतो, जिच्यात कोणीच बसलेलं नाही! म्हणून ते व्हॉल्व्हवर टोपीसारखा सेन्सर फिरवून बसवतात आणि आकडा पुढच्या ड्रायव्हरसमोरच्या पडद्यावर घेतात. अंतर लांब पडलं तर मध्ये संदेश पुढे ढकलणारी डबी लावतात. आपल्याकडेही असे सेन्सर मिळतात. घ्यायला माझी ना नाही. मात्र पडद्यावर ट्रॉलीच्या चाकांचा आकडा वेगळा भर, मोटारीचा 32-33 तिथं चालणार नाही. घेण्याआधी ते यंत्र किती पौंडांपर्यंत मोजतं ते वाच. पूर्ण ट्रॉली जोडून, मध्ये लोखंड आलं तरी पडद्यावर आकडा येतो का ते गावातच बघून घे. आणि आठवड्यातून एकदा गेजशी ताडून बघ. सेल उतरला की यंत्र गप्प बसतं, आणि गप्प बसलं म्हणजे सगळं ठीक, असं तू समजशील. शिवाय ती टोपी हातानंच निघते. मुक्कामाच्या गर्दीत कोणी काढून नेली तर नवल नाही.

पंढरपूरहून आलास की ट्रॉली तशीच कडेला लावून मोकळा होऊ नकोस. कामिका एकादशीला नरसीत परतवारी असते, गर्दी लोटते आणि टँकर पुन्हा लागतो. त्याआधी चाकं उतरवून आतून बघ. सेन्सर घ्यायचेच असतील तर पैसे घालण्याआधी जुन्या ट्यूबा आणि व्हॉल्व्ह बदलून घे. गळक्या व्हॉल्व्हवर महागडी टोपी लावून हवा टिकत नाही.