मोटारीच्या गिअरपेटींतील तेल घरीं बदलणें

बैलगाडीच्या आंसास वंगण घातल्यावांचून शेतकरी लांबच्या वाटेस लागत नाहीं. मोटारीच्या इंजिनाचें तेलहि तो वेळेवर बदलतो. गिअरपेटींतील तेल मात्र डोळ्यांआड असल्यामुळें वर्षानुवर्षें तसेंच राहतें. इंजिनास तेल गाळण्याची सोय असते. हातानें गिअर बदलण्याच्या बहुतेक पेट्यांत ती नसते. म्हणून दंतचक्रांच्या घर्षणानें सुटलेला धातूचा कीस तेलांतच फिरत राहतो.

प्रथम तेलाची निवड. गाडीच्या पुस्तिकेंत सांगितलेलेंच तेल घ्यावें. ‘जीएल-४’ व ‘जीएल-५’ या दोन प्रती एकच समजूं नयेत. जीएल-५ मध्यें गंधक व स्फुरद यांचीं द्रव्यें अधिक असतात. त्यांपैकीं कांहीं तेलें पेटींतील पितळी कड्यांस अपाय करतात. पुढचा अंक मोठा म्हणून तेल अधिक चांगलें, हा समज चुकीचा आहे.

दोन-चार मैल गाडी चालवून तेल कोमट करावें, म्हणजे गाळ तेलाबरोबर बाहेर येतो. नंतर सपाट जागीं गाडी उभी करून हातब्रेक लावावा व चाकांस उटी द्यावी. गाडी उचलावी लागल्यास दोन्ही टोकें सारखीं उचलून भक्कम लोखंडी घोड्यांवर टेकवावी. नुसत्या जॅकवरील गाडीखालीं कदापि शिरूं नये. यांत जिवाचा धोका आहे.

आतां या कामांतील मुख्य नियम. पेटीस सामान्यतः दोन बुचें असतात : बगलेवर भरण्याचें व तळाशीं सोडण्याचें. भरण्याचें बूच आधीं सैल करून पाहावें. तें सुटल्यावरच तळाचें काढावें. तळाचें आधीं काढून तेल वाहून गेलें आणि वरचें गंजून अडकलें, तर पेटी रिकामी राहते व गाडी दारांतच अडकून पडते. ऐन काढणींत हें संकट शेतमालासहि भोंवतें.

तेल घमेल्यांत पूर्ण निथळूं द्यावें. तळाच्या बुचावर चुंबक असल्यास त्याला चिकटलेला मऊ, काळा कीस पुसून टाकावा. तो असणें स्वाभाविक आहे. धातूचे तुकडे आढळल्यास मात्र जाणत्या कारागिरास दाखवावें. तेल दुधाळ दिसल्यास पेटींत पाणी शिरलें असें समजावें. ओढ्यांतून गाडी नेणाऱ्यांनीं हें विशेष पाहावें.

बुचाखालीं वायसर असल्यास नवा घालून तळाचें बूच बसवावें. परंतु आटे झिजतील इतकें आवळूं नये. नंतर नळीनें अथवा पिचकारीनें नवें तेल भरावें. बहुतेक पेट्यांत तें भरण्याच्या भोंकाच्या खालच्या कडेपर्यंत येऊन किंचित् वाहूं लागलें, म्हणजे पुरे. दुसरें बूच बसवून थोडी फेरी मारावी व गळती पाहावी.

जुनें तेल बांधावर, ओढ्यांत किंवा विहिरीजवळ ओतूं नये. त्यानें माती व पाणी दोन्ही नासतात. भारतांत २०१६ च्या घातक कचऱ्याविषयींच्या नियमांत वापरलेल्या तेलाचाहि समावेश आहे. म्हणून तें झांकणाच्या डब्यांत सांठवून, असें तेल परवानगीनें गोळा करणाऱ्याकडेच द्यावें. गाडी राखतांना विहीर गमावणें हा शेतकऱ्यास परवडणारा व्यवहार नव्हे.